मस्करी, छळ आणि चारित्र्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या गौरव समारंभात दिलेले भाषण)



‘शालेय मुलांचे चारित्र्यसंवर्धन’ या विषयावर चार शब्द बोलावे अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी मला केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. मी मॅट्रिक झालेला मनुष्य. मॅट्रिकनंतर दोन वर्षे अध्यापक विद्यालयात काढली, १९७९ साली प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झालो आणि २०१८ साली सेवानिवृत्त झालो. एवढाच माझा अधिकार. या सभागृहात डॉक्टर आहेत, वकील आहेत, प्राध्यापक आहेत. त्यांच्यापुढे चारित्र्यावर प्रवचन करणारा मी कोण? परंतु चिटणीस म्हणाले, “गुरुजी, एकोणचाळीस वर्षे तुम्ही पाचवी, सहावी, सातवीचे वर्ग सांभाळलेत. त्या वयाच्या मुलांचे जे पाहिलेत ते सांगा.” हे मला पटले. म्हणून आज मी प्रवचन करणार नाही. जे पाहिले, आणि ज्यात मी स्वतः चुकलो, तेवढेच सांगणार आहे.

चारित्र्य हा शब्द फार मोठा आहे आणि मोठ्या शब्दांची एक अडचण असते. ते भिंतीवर लिहिता येतात. आमच्या शाळेत रोज सकाळी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात सुविचार लिहिण्याचा प्रघात होता. अक्षर चांगले असलेल्या विद्यार्थ्याकडे हे काम असे. सत्य, दया, बंधुभाव, सगळे काही त्या कोपऱ्यात येऊन गेले. आणि त्याच फळ्याखाली, मधल्या सुट्टीत, एका मुलाचा डबा लपवला जात होता, दुसऱ्याच्या पाठीवर कागद चिकटवला जात होता, तिसऱ्याला त्याच्या बापाच्या धंद्यावरून हाका मारल्या जात होत्या. मूल्यशिक्षणाच्या तासाला आम्ही जे शिकवीत होतो, त्याची परीक्षा तास संपल्यावर पाण्याच्या नळापाशी होत होती. आणि तेथे पर्यवेक्षक कोणीच नव्हता.

तेव्हा आज मी चारित्र्याचा एकच कोपरा घेतो. मुले मुलांना छळतात तो. इंग्रजीत त्याला बुलिंग म्हणतात. आपल्या भाषेत त्यासाठी एक नेमका शब्द नाही. आपण दादागिरी म्हणतो, खोडी काढणे म्हणतो, चिडवणे, सतावणे म्हणतो आणि बहुतेक वेळा ‘मस्करी’ म्हणून सोडून देतो. मस्करी वाईट नव्हे. मुलांच्या आयुष्यातून मस्करी काढली तर शाळा म्हणजे कचेरी होईल. पण मस्करी कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो, हे ओळखण्याची एक साधी खूण मला पुष्कळ वर्षांनी सापडली. मस्करीत पाळी फिरते. आज तू माझी केलीस, उद्या मी तुझी करीन. छळात पाळी फिरत नाही. रोज तोच मुलगा, रोज तीच हाक, आणि उलट उत्तर देण्याची त्याची ताकद नाही. कधी अंगात नाही, कधी संख्येत नाही, कधी जिभेत नाही. हसणारे सगळे एका बाजूला आणि तो एकटा दुसऱ्या बाजूला. असे दिसले की ती मस्करी राहिलेली नाही, असे समजावे.

हा प्रकार पाचवी ते आठवी या इयत्तांत विशेष का वाढतो, याचाही थोडा विचार करण्यासारखा आहे. चौथीपर्यंत मूल एका गुरुजींच्या किंवा बाईंच्या पंखाखाली असते. बाईंना त्याचा डबा ठाऊक, त्याची आजी ठाऊक, त्याला ताप कधी आला तेही ठाऊक. पुढे ते मोठ्या शाळेत जाते. तासागणिक शिक्षक बदलतात. प्रत्येक शिक्षक आपला विषय पाहतो आणि मूल कोणीच पाहत नाही. त्याच सुमारास शरीर बदलू लागते. एकाच बाकावर एकाला मिसरूड फुटलेली असते आणि शेजारचा अजून दुधाच्या दातांचा वाटतो. एखाद्या मुलीची उंची एकदम वाढते आणि ती पाठीत वाकून चालू लागते. आईवडिलांच्या शाबासकीपेक्षा बरोबरीच्या चौघांची शाबासकी मोलाची वाटू लागते. अशा वयात आपली जागा पक्की करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी खाली बसवणे. मुले दुष्ट असतात म्हणून हे करतात, असे मला वाटत नाही. बहुतेक वेळा ती भ्यालेली असतात.

आता माझी चूक सांगतो.

१९८६ सालची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी सातवीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. तो आपल्याच समाजातला होता, एवढे मात्र सांगतो. गणितात हुशार, अक्षर मोत्यासारखे. पण तो बोलताना अडखळत असे. पहिले अक्षर तोंडात अडकून राही, मान हले, डोळे मिटत, आणि मग एकदम वाक्य बाहेर पडे. वर्गातल्या दोन-तीन पोरांनी त्याचे नाव ‘फटफटी’ ठेवले होते. हे मला ठाऊक होते. ठाऊक असून मी ते कानाआड केले होते. पोरेच ती, म्हणून सोडून दिले होते.

एके दिवशी इतिहासाच्या तासाला मी त्याला प्रश्न विचारला. तो उभा राहिला. पहिले अक्षर येईना. तास संपत आला होता, मला धडा पुरा करावयाचा होता. आणि माझ्या तोंडून निघून गेले, “आज फटफटी सुरू होत नाही वाटते! किक मारा रे कोणीतरी!”

वर्ग हसला. असा हसला की शेजारच्या वर्गातील गुरुजी दारात येऊन पाहून गेले. आणि बंधुभगिनींनो, मी लपवीत नाही. त्या क्षणी मला बरे वाटले. सगळा वर्ग आपल्या एका वाक्यावर हसतो, यात शिक्षकाला एक नशा असते. तो मुलगाही हसला. तो हसला, म्हणून मी समजलो की त्याला लागले नाही.

त्या दिवसापर्यंत ते नाव दोन-तीन पोरांचे होते. त्या दिवसानंतर ते सबंध शाळेचे झाले, कारण गुरुजींनी त्यावर शिक्का मारला होता. पाचवीची पोरेसुद्धा त्याला पाहून तोंडाने आवाज काढीत. वाटेत अडवून पोटऱ्यांवर लाथा मारीत, ‘किक मारतो’ म्हणून. हे सगळे मला पुढे कळले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. आठ दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. तो मागच्या दाराने निघून गेला. त्याची आई चुलीपाशी होती. मी विचारले, “का येत नाही तो? अभ्यास जड जातो का?” ती म्हणाली, “नाही गुरुजी. तो म्हणतो, शाळेत बोलावं लागतं.”

यावर मी काय उत्तर दिले, ते मला आठवत नाही. बहुधा काहीच दिले नसावे. त्या माउलीला माझा पराक्रम ठाऊक नव्हता. तिने मला चहा दिला आणि तो मी प्यालो. मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. पुढे कळले की तो सायकलच्या दुकानात पंक्चर काढण्याच्या कामाला लागला.

२०११ साली एस.टी. स्थानकावर एक गृहस्थ माझ्या पाया पडले. अंगात स्वच्छ सदरा, बोटांच्या नखांत वंगण. “गु... गुरुजी, ओळखलंत का?” मी ओळखले. पण त्याचे नाव मला आठवले नाही. आठवले ते ‘फटफटी’. ते शब्द ओठांपर्यंत आले होते; ते मी परत गिळले आणि “अरे, तू!” एवढेच म्हणालो. त्याने पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचे दुकान काढले होते. त्याचा मुलगा त्या वर्षी पाचवीत जाणार होता. जवळ तीन शाळा होत्या. कोणत्या शाळेत घालावा, असे तो मला विचारीत होता. मी शाळांच्या निकालांविषयी बोलू लागलो. तो मध्येच म्हणाला, “निकालाचं नाही, गुरुजी. मास्तर कसे आहेत, ते सांगा.”

माझ्या नोकरीच्या पुढच्या वर्षांत जे काही थोडे मला शिकता आले, ते या मुलामुळे. मी वाचू लागलो, विचारू लागलो. निवृत्तीनंतर माझा पुतण्या जो महाविद्यालयात शिकवतो, त्याने मला परदेशातील काही अभ्यास समजावून दिले. त्यांतील दोन-तीन गोष्टी आपणांस सांगण्यासारख्या आहेत.

नॉर्वे हा लहानसा, सुखवस्तू देश. तेथे १९८२ साली तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि बरोबरीच्या मुलांनी केलेला छळ हे त्याचे कारण असावे, असे दिसून आले. सारा देश हादरला. पुढच्याच वर्षी तेथील सरकारने सगळ्या शाळांसाठी मोहीम हाती घेतली आणि डॅन ओल्व्हेउस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शाळांसाठी पद्धतशीर कार्यक्रम आखला. तोपर्यंत जगभर लोक हेच म्हणत की मुलांचे भांडण मुलांनी मिटवावे. पुढे फिनलंडमध्ये क्रिस्तिना साल्मिव्हाली या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. छळणारा आणि छळला जाणारा या दोघांना सोडून त्यांनी उरलेल्या वर्गाकडे पाहिले. त्यांना दिसले की बहुतेक सगळ्या वर्गाला त्यात काही ना काही भूमिका असते. कोणी हात धरू लागतो, कोणी नुसता हशा पुरवतो, कोणी मान वळवून बाजूला होतो, आणि थोडे असे असतात की जे त्या मुलाच्या पाठीशी उभे राहतात. कॅनडातील संशोधकांनी तर शाळेच्या मैदानावरील प्रसंगांचे चित्रीकरण केले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले की दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगी इतर मुले तेथे हजर होती; पण पाचांपैकी जेमतेम एका प्रसंगी कोणी मध्ये पडले. आणि जेव्हा मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद! मला हे वाचून रात्री झोप आली नाही. माझ्या वर्गात बेचाळीस मुले होती. छळणारी तीन. उरलेल्यांपैकी एकाने जरी “पुरे रे” म्हटले असते! पण त्यांनी का म्हणावे? त्यांचे गुरुजीच हशा पुरवीत होते.

युनेस्कोने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे म्हटले आहे की, जगातील सुमारे एकतृतीयांश विद्यार्थ्यांना मागील महिन्याभरात एकदा तरी सोबत्यांकडून असा त्रास झालेला होता. या सभागृहात समोर मुले बसली आहेत. हिशेब आपणच करावा.

आता उपायांविषयी. प्रथम, जे उपाय मी करून पाहिले आणि फसले, ते सांगतो. छळणाऱ्या मुलाला सगळ्यांदेखत उभे करून खरडपट्टी काढणे, हा माझा जुना उपाय. त्याने तो मुलगा चार दिवस वीर ठरतो आणि पाचव्या दिवशी शाळेबाहेर सूड घेतो. छडी तर मी वापरली होती, हे कबूल करतो. शिक्षण हक्क कायदा २०१० साली लागू झाला आणि त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी घातली. आम्हा जुन्या शिक्षकांना तेव्हा वाटले की आता पोरे डोक्यावर बसणार. तसे काही झाले नाही. छडीने छडी शिकवली जाते, ही गोष्ट कायद्याने सांगण्याआधी आम्हाला समजावयास हवी होती. दुसरा फसलेला उपाय म्हणजे दोघांना समोरासमोर आणून “सॉरी म्हण, हात मिळवा, विषय संपला” असे करणे. बरोबरीच्या दोघांचे भांडण असेल तर हे ठीक. पण जेथे एक दाबणारा आणि एक दबलेला आहे, तेथे त्या दबलेल्याला पुन्हा त्याच हातात हात द्यावयास लावणे, हा आणखी एक छळ होय.

मग मी दोघांशी वेगवेगळे बोलू लागलो. ज्याचा छळ होतो, त्याला ‘तू त्यांना काय केलेस?’ हा प्रश्न विचारावयाचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. कोठे होते, कधी होते, कोण बघत असते, एवढेच विचारावे. ठिकाणे बहुधा ठरलेली असतात. नळ, मुतारी, सायकलींची पडवी, खिचडीची रांग आणि घरी जाण्याची वाट. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा घेण्याऐवजी मी पेला हातात घेऊन पडवीच्या पायरीवर बसू लागलो. केवळ एवढ्याने अर्धे प्रकार कमी झाले. सहकाऱ्यांनी मला ‘पायरीवरचे गुरुजी’ असे नाव ठेवले. टोपणनावाचा प्रसाद मलाही मिळाला.

छळणाऱ्या मुलाशी बोलताना मात्र मला फार वेळ लागे. एक मुलगा मला आठवतो. अंगाने आडदांड, वर्गाचा मॉनिटर. लहान पोरांच्या डब्यातले खाणे हिसकावून घेई. मी त्याला घेऊन पायरीवर बसलो. तीन दिवस तो काही बोलला नाही. चौथ्या दिवशी सदरा वर करून पाठ दाखवली. पट्ट्याचे वळ होते. याचा अर्थ त्याने केले ते क्षम्य होते, असा नाही. डबे त्याला परत द्यावे लागले, म्हणजे महिनाभर खिचडी वाढण्याचे काम मी त्याला दिले आणि लहानांना आधी वाढावयाचे असे बजावले. तो सुधारला काय? थोडासा. आठवीत गेल्यावर त्याच्या पुन्हा तक्रारी आल्या. शिक्षकाने आपल्या यशाच्याच गोष्टी सांगू नयेत.

परंतु माझा खरा भर बघणाऱ्यांवर राहिला. वर्गात चांगल्या मनाची, पण भित्री मुले पुष्कळ असतात. त्यांना ‘अन्यायाविरुद्ध लढा’ असे सांगून उपयोग नाही. सातवीतल्या मुलाने कोणाशी लढावे? त्यांना इतकेच सांगावे की हसू नका. नुसते हसू नका. आणि जमल्यास नंतर त्या मुलाच्या शेजारी जाऊन बसा, त्याच्याबरोबर घरापर्यंत चाला, “उद्या माझ्याजवळ बस” एवढे म्हणा. मी एका मुलीला ओळखतो. वर्गातील एका मुलीशी कोणी बोलावयाचे नाही असे बाकीच्या मुलींनी ठरवले होते. मुलींचा छळ पुष्कळदा असा बिनआवाजाचा असतो आणि म्हणून शिक्षकांना तो दिसत नाही. या मुलीने काही भाषण केले नाही. ती रोज आपला डबा उचलून त्या एकटीच्या बाकावर जाऊन बसू लागली. पंधरा दिवसांत तिसरी आली, मग चौथी. चारित्र्य या मोठ्या शब्दाचा अर्थ मला त्या डब्याइतका स्पष्ट दुसऱ्या कशात दिसलेला नाही.

साने गुरुजींचे नाव घेतल्याशिवाय शिक्षकाचे भाषण पुरे होत नाही, म्हणून आपण हसाल. पण मी वेगळ्या कारणाने घेतो. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांनी पसरून टाकलेल्या खोल्या ते मुकाट्याने स्वतः आवरीत. मुलांसाठी ते हाताने लिहिलेले दैनिक काढीत. सुविचार फळ्यावर लिहून ते थांबले नाहीत. मुलांना त्यांचे कृत्य दिसत होते. आम्ही त्यांच्या पुस्तकांतले उतारे पाठ करून घेतले आणि केरसुणी मात्र शिपायाच्या हातात ठेवली.

हे झाले शाळेचे. आता घराकडे वळतो, आणि येथे थोडे कडू बोलणार आहे. आपण आपले म्हणून सहन करावे.

मुलांच्या तोंडी जी नावे येतात, ती ती कोठून आणतात? जाड्या, काळी, बुटक्या, बोबड्या, ही नावे पहिल्यांदा घरात ऐकू येतात, आणि तीही लाडाने. काका, मामा, आत्या, आपण सगळेच हे करतो. आणखी एक. शाळेत मी पुष्कळदा ऐकले आहे की एक मूल दुसऱ्याला त्याच्या जातीवरून हिणवते. त्या वयाच्या मुलाला जातीचे काय कळते? जेवताना ताटावर जे बोलणे कानांवर पडते, तेच ते दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर शाळेत घेऊन जाते. आपले हे मंडळ ज्ञातीचे आहे. परस्परांना साहाय्य करावे, होतकरू मुलांना शिष्यवृत्ती द्यावी, यासाठी ते आहे. आपल्या एकीचा अभिमान मुलांनी जरूर बाळगावा. पण त्या अभिमानातून दुसऱ्याच्या मुलाला खाली पाहावयास लावण्याची सवय लागत असेल, तर त्या शिष्यवृत्तीने आपण नेमके काय विकत घेतले? हे मी अंदाजाने बोलत नाही. माझ्या वर्गात असे बोलणाऱ्यांत आपल्या घरांतील मुले होती आणि ते ऐकून गप्प बसणाऱ्यांतही होती.

मूल रडत घरी आले की वडील म्हणतात, “मार खाऊन काय येतोस? दोन देऊन ये!” ज्याला देता येत नाही, तो पुढच्या वेळेस घरी सांगणेच बंद करतो. मग पोट दुखू लागते, वह्या हरवू लागतात, शाळेची वाट लांबची धरली जाते. ही लक्षणे आईच्या आधी ध्यानात येतात. तिने विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. शाळेत जाऊन आरडाओरड करण्यापूर्वी वर्गशिक्षकांना शांतपणे भेटावे. शाळा दाद देत नसेल, प्रकरण मारहाणीचे किंवा त्याहून वाईट असेल, तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो मुलांनाही पाठ असू द्यावा.

मोबाईलविषयी मी अधिक बोलत नाही, कारण त्यातले मला थोडेच समजते. एवढे मात्र समजते की आमच्या वेळी छळ शाळेच्या फाटकापाशी संपत असे. घर ही सुटकेची जागा होती. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली आणि तेव्हापासून वर्गाचे गट त्यात झाले. आता एखाद्या मुलीचे वेडेवाकडे छायाचित्र रात्री अकरा वाजता चाळीस घरांत पोहोचते आणि चाळीस जण त्यावर हसण्याचे चिन्ह पाठवतात. हशा पुरवणारे तेच आहेत. फक्त आवाज येत नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि तीच सांगण्यासाठी मी खरे म्हणजे उभा राहिलो आहे.

आज रात्री भोजनोत्तर आपल्या संमेलनात शेलापागोट्यांचा कार्यक्रम आहे. नव्या मुलांच्या भाषेत फिशपाँड. दाराशी पुठ्ठ्याची पेटी ठेवली आहे. तीत चिठ्ठ्या पडत आहेत. हा कार्यक्रम लोकांना फार आवडतो, मलाही आवडत आला आहे. अध्यक्षांच्या टकलावर, कोषाध्यक्षांच्या चिकाटीवर, माझ्या लांबलेल्या भाषणांवर खुशाल चिठ्ठ्या पडाव्यात. आम्ही आमची परतफेड करू शकतो. पण गेल्या वर्षी यांतील एक चिठ्ठी बारा वर्षांच्या एका मुलीच्या नावाने निघाली. तिच्या अंगाबांध्यावर होती. काय लिहिले होते ते मी पुन्हा उच्चारणार नाही. ध्वनिक्षेपकावरून ती वाचली गेली, आणि आपण सगळे, दोन-अडीचशे माणसे, हसलो. मीही हसलो. १९८६ साली वर्ग हसला तसाच तो आवाज होता; मला तो ओळखता आला, पण माझे हसू थांबल्यानंतर. ती मुलगीही हसली. थोड्या वेळाने मी हात धुण्यास मागे गेलो, तेव्हा ती रंगमंचाच्या पडद्यामागे खुर्च्यांच्या ढिगाशी उभी होती. मी तिला काही विचारले नाही. विचारावयास हवे होते. यंदा तिचे नाव गुणवंतांच्या यादीत आहे. समोर ती मला दिसत नाही.

माझी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे की, आज रात्री ती पेटी उघडताना पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलामुलीच्या नावाची चिठ्ठी वाचू नये. आणि कोणाच्याही रंगावर, अंगावर, बोलण्यावर किंवा परीक्षेतील अपयशावर असलेली चिठ्ठी, मग ती कोणाच्याही नावाची असो, बाजूला काढावी. कार्यक्रम थोडा फिका होईल. अर्धा तास लवकर संपेल. चिठ्ठ्या निवडण्याचे काम कोणी करावे असा प्रश्न असेल, तर मी बसतो. माझ्याजवळ चष्मा आहे आणि दुपार मोकळी आहे. माझ्यासोबत दोन मुलेही द्यावीत, आठवीतली असली तरी चालतील. कोणती चिठ्ठी लागते आणि कोणती लागत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते.

चिटणीसांनी मान हलवलेली मी पाहिली. ती होकारार्थी होती असे मी धरून चालतो. वेळ बराच घेतला, त्याबद्दल क्षमा असावी. माझ्या पुढे आता बक्षिसांचा कार्यक्रम आहे आणि मुले चुळबुळ करू लागली आहेत. तेव्हा मी आपली रजा घेतो.